चाकाची मागची बाजू

हे मी रचून सांगत नाहीये. ज्यांना रचलेलं वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं, मी रागावणार नाही.

आणि आधीच सांगून ठेवते, यात रात्र नाही. वीज गेलेली नाही. लांब कुठे कुत्री रडत नाहीत. जे घडलं ते भर दुपारी घडलं, सव्वा एकला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि शेजारच्या घरात कोणीतरी भांडी विसळत होतं.

गेल्या वर्षी थंडी ओसरत आली होती, तेव्हाची गोष्ट. जागा म्हणजे आमच्या वर्कशॉपची मागची खोली.

मी चाकं घासते. हाच माझा धंदा. जुन्या गाड्यांची ॲल्युमिनियमची चाकं लोक आणतात, तेव्हा ती पांढरी पडलेली असतात, खड्डे पडलेले असतात, ब्रेकची काळी भुकटी कानाकोपऱ्यात बसलेली असते. मी ती चकाचक करून देते. पुढच्या शेडमध्ये नवरा डेंट काढतो आणि रंग मारतो, मागच्या खोलीत मी. माझे हात बारा महिने काळे. नव्याने राहायला आलेल्या एका शेजारणीने मला विचारलं होतं, तुमचं कोळशाचं दुकान नेमकं कुठे आहे म्हणून.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. माझा विश्वास पॉलिश पेपरच्या नंबरावर. आधी तीनशेवीस, मग सहाशे, मग हजार, मग दोन हजार. मधला एक नंबर गाळलात, तर चाक दुसऱ्या दिवशी तुमच्या तोंडावर सांगतं.

हे काम मला बाबांनी शिकवलं. बाबा म्हणजे माझे सासरे. लग्न होऊन आले तेव्हा मला साधा पाना धरता येत नव्हता. बाबांनी मला स्टूल दिलं, पेपर दिला आणि म्हणाले, बस, घास. मला त्यांनी लेकीसारखं वागवलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी त्यांचं स्टूल अजून त्या खोलीत आहे. मी त्यावरच बसते.

खोली नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल.

खोली अरुंद आहे. एका बाजूला नळ आणि छोटा हौद, दुसऱ्या बाजूला खिडकी. समोरच्या भिंतीजवळ लोखंडी पाइपावर एक जुना हब बसवलेला आहे. त्यावर मी चाक उभं अडकवते, म्हणजे ते हाताने गोल फिरतं. चाकाची पुढची बाजू माझ्याकडे, मागची बाजू भिंतीकडे. चाक आणि भिंत यांच्यात जेमतेम वीतभर जागा. तिथे मांजरसुद्धा बसू शकत नाही.

मागच्या बाजूचं आम्ही फारसं काही करत नाही. ती धुवायची आणि तिच्यावर चंदेरी रंगाचा एक हात मारायचा. गाडीला चाक बसलं की ती बाजू कोणाला दिसते?

तर, ती गाडी आणली माझ्या दादाने. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. टपाल खात्यातून निवृत्त झाला आणि वर्षभरातच वहिनी गेली. तेव्हापासून तो बोलायचाच बंद झाला होता. विचारलं तर हो, नाही, बघू. एवढंच. मग एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या घरच्यांनी गॅरेज रिकामं करायला काढलं आणि वीस वर्षं आच्छादनाखाली उभी असलेली त्यांची जुनी गाडी दादाने उचलली. त्या दिवसापासून गडी बोलायला लागला. इंजिनाबद्दल बोलायचा, सीटच्या कापडाबद्दल बोलायचा, रोज तीन फोन करायचा. मला वैताग यायचा आणि आतून बरंही वाटायचं.

इंजिन त्याने दुसरीकडून करून घेतलं. चाकं माझ्याकडे आली.

"चिमे, रविवारी दुपारी निघणार," त्याने मला बजावलं होतं. "टिल्लीला घेऊन. घाट उतरून समुद्रापर्यंत."

टिल्ली म्हणजे त्याची नात, वय वर्षं सात. तिने समुद्र पाहिला नव्हता आणि पुढच्या सीटवर बसायचं वचन घेऊन ठेवलं होतं. ड्रायव्हरच्या शेजारी, डावीकडे.

सोमवार ते बुधवार तीन चाकं झाली. काहीही झालं नाही.

गुरुवारी मी चौथं चाक अडकवलं. पुढचं, डाव्या बाजूचं.

जेवायच्या सुट्टीत वर्कशॉप शांत असतं. नवरा घरी जेवायला जातो आणि तासभर आडवा होतो. मी डबा लवकर संपवते आणि कामाला बसते. बाबांचीही तीच सवय होती. ते म्हणायचे की या वेळात हातोड्याचा आवाज नसतो, पेपर कसा चाललाय ते कानाला कळतं.

मी सहाशे नंबरचा पेपर पाण्यात बुडवला आणि घासायला लागले.

खर्र... खर्र... खर्र...

पाच-सात मिनिटांनी मनगट दुखलं म्हणून थांबले.

खर्र...

मी थांबले होते.

मी हाताकडे बघितलं. हात मांडीवर होता, पेपर हातात होता, पेपरातून पाणी गळत होतं.

खर्र...

आणि मग बंद.

म्हटलं, आवाज घुमला असेल. रिकाम्या खोलीत घुमतो कधी कधी. आजवर कधी घुमला नव्हता, हे मला तेव्हाच माहीत होतं, पण माणूस स्वतःची समजूत काढतोच. मी पुन्हा घासलं. पुन्हा थांबले.

खर्र... खर्र...

आवाज चाकाच्या मागून येत होता. भिंतीच्या बाजूने.

मी उठून मागे डोकावले. वीतभर जागा, भिंत आणि जाळं. दुसरं काही नाही. उरलेलं काम मी नवरा परत आल्यावर केलं. त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर त्याने चार लोकांत आठवडाभर माझी टर उडवली असती.

शुक्रवारी सकाळी मी चाक धुवायला हबवरून उतरवलं आणि उलटं केलं.

मागची बाजू काळीकुट्ट होती, तशी ती असतेच. पण एका जागी...

एका जागी ती चकचकत होती.

चाकाला पाच आरे होते. त्यातल्या एकाच्या मुळाशी तळहाताएवढा तुकडा कोणीतरी घासला होता. वरवर पुसलेला नाही, घासलेला. आधी जाड पेपर, मग बारीक, क्रमाने. जुना रंग पार काढून टाकलेला. हे काम काय दर्जाचं आहे ते मला बघताक्षणी कळतं. हे माझ्यापेक्षा चांगल्या हाताचं काम होतं.

नवऱ्याला विचारलं, तू या चाकाला हात लावलास का? तो म्हणाला, मला माझी कामं कमी आहेत का.

दुपारी सव्वा एकला मी चाक पुन्हा अडकवलं. खरं सांगते, बसावंसं वाटत नव्हतं. पण रविवार तोंडावर आला होता आणि दादाचे फोन चालूच होते. मी हजार नंबर घेतला. मुद्दाम दोनच हात मारले आणि थांबले.

मागून सुरू झालं.

खर्रर्र... खर्रर्र... खर्र.

खर्रर्र... खर्रर्र... खर्र.

दोन लांब, एक आखूड.

मी दहा वर्षं त्या आवाजाशेजारी बसून काम शिकले आहे. बाबांचा उजवा खांदा निकामी होता. दोन हात ते पूर्ण मारायचे, तिसऱ्याला खांदा अडायचा. दुसऱ्या कोणाचा हात असा चालत नाही.

मला ओरडायचं होतं.

चाकाच्या आऱ्यांमध्ये पाच मोठी भोकं होती. त्यांतून पलीकडची पांढरी भिंत दिसायची, खिडकीचा उजेड तिच्यावर पडायचा. मी समोर बघत बसले होते. चार भोकांतून भिंत दिसत होती.

पाचव्यातून दिसत नव्हती.

तिथे काळं होतं. काहीतरी मध्ये होतं.

का केलं माहीत नाही, पण मी हात पुढे करून चाक फिरवलं. हळूच. भोकं गोल फिरली. काळं होतं ते फिरलं नाही. ते खालच्या डाव्या कोपऱ्यात होतं तिथेच राहिलं आणि प्रत्येक भोक तिथे आलं की बुजत गेलं. स्टुलावर बसलेल्या माणसाचा गुडघा जिथे येईल, तिथे.

मग वास आला.

रॉकेलचा.

आमच्या वर्कशॉपमध्ये रॉकेल सहा वर्षांत आलेलं नाही. बाबांच्या वेळी असायचं. चाक आलं की ते आधी उलटं करून मागच्या बाजूला रॉकेल लावायचे, थोड्या वेळाने पुसायचे आणि वरून खडूची पूड चोळायचे. चाकाला तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. बाबा गेले आणि ती पद्धतही गेली. घाई असते हो. गिऱ्हाईक पुढची चमक बघतं आणि खूश होऊन जातं.

वास आला आणि आवाज थांबला. पाचही भोकांतून भिंत दिसायला लागली.

मी चाक उतरवलं. उलटं केलं...

तो चकचकीत तुकडा पांढरा झाला होता. बारीक पूड. बोट लावलं, बोट पांढरं झालं. खडू.

आता जे सांगते त्याची मला आयुष्यभर लाज वाटणार आहे.

मी ते पुसलं.

रेघ आहे का, हे बघायला थांबले नाही. ओलं फडकं घेतलं आणि डोळे जवळजवळ मिटून पुसून टाकलं. पाचावर धारण बसली होती माझी. ज्या माणसाने मला पोटच्या लेकीसारखं शिकवलं, त्याची मला भीती वाटली. मला एवढंच हवं होतं की ते तिथे नसावं. चाक मी पुढच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं, नवऱ्याला सांगितलं की झालं, मागचा रंग मारून टाक, आणि पोट दुखतंय म्हणून घरी गेले.

शनिवारी मी मागच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. दिवसभर पुढे बसून डब्यातले नटबोल्ट वेगळे करत होते. नवऱ्याने मागच्या बाजूंना रंग मारला, टायर चढवून आणले आणि संध्याकाळपर्यंत चारही चाकं गाडीला लावली. तो त्या दिवशी गप्प होता. मीही गप्प होते. आपापल्या जागी दोघं गप्प, त्यामुळे एकमेकांचं गप्प असणं लक्षातच आलं नाही.

रविवारी दादा एक वाजता आला. नवा शर्ट, दाढी केलेली. वहिनी गेल्यापासून मी त्याला इस्त्रीच्या कपड्यांत पाहिलं नव्हतं. टिल्लीने आल्या आल्या डावीकडचं दार उघडलं आणि सीटवर चढून बसली. दादा गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला, चाकांसमोर वाकला, आणि म्हणाला की यात तर माझं टक्कल दिसतंय. नवऱ्याने किल्ली पुढे केली. मी दारात उभी होते. सगळं नीट दिसत होतं, ऊन होतं, माणसं होती. मला वाटलं, झालं, सुटलो.

शेडमधल्या घड्याळाकडे मी बघितलं नव्हतं. नंतर बघितलं.

टिल्लीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आत्याआजी, खाली कोण घासतंय?"

इंजिन बंद होतं. गाडी जागेवर उभी होती.

खर्रर्र... खर्रर्र... खर्र.

दादा इकडेतिकडे बघत राहिला. त्याच्या कानाला कमी येतं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. किल्ली धरलेला हात तसाच पुढे राहिला होता. त्याला ऐकू येत होतं. आणि तो आवाज कोणाचा, हे त्यालाही कळलं होतं. त्याच्या वडिलांचा हात तो ओळखणार नाही तर कोण?

डाव्या पुढच्या चाकाखाली फरशीवर थेंब पडत होते. काळं पाणी. त्यात चंदेरी रंगाचे कण होते.

मी म्हटलं, ते चाक काढा.

दादा म्हणाला, आत्ता? अगं, घाटात ट्रक लागायच्या आत निघायचंय. नवरा म्हणाला, "उगाच काय. कालच बसवलंय." ते तो माझ्याकडे न बघता म्हणाला. दादाने त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि गाडीत बसला. काय सांगणार होते मी? बाबा खाली बसलेत म्हणून सांगू?

मी गाडीपुढे आडवी पडले.

अक्षरशः. सत्तेचाळीस वर्षांची बाई, भर दुपारी, चाकाला खांदा लावून फरशीवर. दादा खाली उतरला आणि म्हणाला, चिमे, ऊठ, कपडे खराब होतील. या काळ्या हातांच्या बाईचे कपडे. मला हसूही आलं आणि रडूही आलं. माझा कान टायरपाशी होता. घासणं चालूच होतं, आता घाईघाईने चाललं होतं. आणि दर तिसऱ्या हाताला श्वास अडकल्यासारखा आवाज येत होता, खांदा दुखल्यावर बाबा करायचे तसा.

"टिल्लीला उतरव," मी म्हटलं. "ते चाक काढल्याशिवाय मी उठणार नाही."

तीस वर्षांत मी दादाशी अशी बोलले नव्हते. त्याने टिल्लीला उतरवलं, जॅक लावला आणि स्वतः नट सोडवायला बसला. नवरा जागचा हलला नाही.

शेवटचा नट सुटला आणि आवाज थांबला.

चाक निघालं. दादाने ते उलटं केलं.

कालचा रंग त्या एका जागी नव्हता. तिथे पांढरा खडू होता, अजून दमट. त्यातून आऱ्याच्या मुळाशी एक काळी रेघ गेली होती, बोटाएवढी लांब, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती रुंद होत होती. रॉकेलचा वास दादालाही आला. त्याने रेघेवर नख ठेवलं.

नख आत गेलं.

दादाने टिल्लीकडे बघितलं, मग ती बसली होती त्या सीटकडे. मग तो चाकाशेजारीच खाली बसला. म्हणाला, "तू आडवी पडली नसतीस तर..." आणि पुढचं वाक्य त्याने केलंच नाही. टिल्ली समुद्रासाठी रडत होती. दादा तिला रिक्षाने घरी घेऊन गेला.

संध्याकाळी स्वयंपाकघरात नवरा माझ्यासमोर बसला. दिवा लावायचं दोघांच्याही लक्षात नव्हतं. मी त्याला गुरुवारपासूनचं सगळं सांगितलं. खडू पुसला, तेही सांगितलं. मला वाटलं तो हसेल, नाहीतर रागवेल.

तो म्हणाला, "तडा जुना आहे. वेल्डिंग माझं आहे."

हळूहळू सगळं बाहेर आलं. वीस वर्षांपूर्वी तीच गाडी, तेच डॉक्टर. खड्ड्यात आपटून चाकाला तडा गेला होता. बाबांनी रॉकेल-खडू करून रेघ दाखवली आणि सांगितलं, हे चाक टाकून दे, तडकलेल्या ॲल्युमिनियमवर माणसं बसवायची नसतात. नवरा तेव्हा ॲल्युमिनियमचं वेल्डिंग नव्याने शिकला होता. अंगात रग होती. त्याने बाबांच्या मागे तडा वेल्ड केला, घासून सपाट केला, वर रंग मारला आणि बाबांना सांगितलं की भंगारातून तसंच दुसरं चाक आणलं. बाबांनी विश्वास ठेवला. पुढची बाजू त्यांनीच स्वतःच्या हाताने चमकवली.

"त्यांना कळलं होतं?" मी विचारलं.

"माहीत नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवशी मला जवळ बोलावून विचारलं, ते चाक टाकलं होतंस ना? मी म्हटलं, हो बाबा."

मग जे विचारायला नको होतं ते विचारलं. शनिवारी रंग मारताना तो घासलेला तुकडा तुला दिसला नाही का?

त्याने टेबलावरचा डाग नखाने खरवडला.

"दिसला. माझं वेल्डिंग मला ओळखू आलं. वाटलं, इतकी वर्षं टिकलंय, अजून टिकेल." मग म्हणाला, "वर्कशॉपच्या पाटीवर बाबांचं नाव आहे ना. ते खराब झालं असतं."

मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. सात वर्षांची पोर त्या चाकावर बसून घाट उतरणार होती. पण माझा हात उठला नाही, कारण त्या हाताने खडू पुसला होता. मी पुसलं, त्याने रंगवलं. दादाला आम्ही फक्त तडा जुना होता एवढंच सांगितलं आहे. तो अजूनही मला दर रविवारी फोन करून आभार मानतो आणि प्रत्येक वेळी मी काहीतरी कारण काढून फोन ठेवते.

नवऱ्याने चाक करवतीने कापलं आणि तुकडे वितळवायला दिले. दादाने दुसरं चाक मिळवलं, महिन्याभराने टिल्लीने समुद्र पाहिला. तुम्ही म्हणाल, मग संपलं.

मलाही वाटलं होतं संपलं.

चाक कापलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी सव्वा एकला, मी हौदावर हात धूत होते. हब रिकामा होता. खोलीत एकही चाक नव्हतं.

खर्रर्र... खर्रर्र... खर्र.

मी पळत पुढे गेले आणि नवऱ्याचा हात धरून त्याला आणलं. तो आला, ऐकलं, आणि दाराला टेकून उभा राहिला. रिकाम्या हबखाली फरशी ओली होत होती.

मी त्याला विचारलं, असं एकच चाक केलं होतंस?

त्याने नकारार्थी मान हलवली.

"किती?"

"चार-पाच असतील," तो म्हणाला. "नक्की आठवत नाही."

त्या रात्री आम्ही बाबांची फोन नंबरांची वही काढली. नवऱ्याला गाड्या रंगावरून आठवत गेल्या. चार आठवल्या. लोकांना फोन करून काय सांगायचं हाच प्रश्न होता. वीस वर्षांपूर्वीच्या कामात चूक झाली होती, मेहरबानी करून चाक काढून मागची बाजू बघा. कोणी फोन आपटला, कोणी हसलं. तरी आम्ही फोन करत राहिलो. एक गाडी केव्हाच भंगारात गेली होती. एक चाक एका हॉटेलच्या भिंतीवर घड्याळ लावून टांगलेलं निघालं. तिसऱ्याने आधी शिव्या घातल्या आणि चार दिवसांनी फोटो पाठवला. आऱ्याच्या मुळाशी केसासारखी रेघ.

एकेक चाक सापडलं की एक दिवस आवाज यायचा नाही. खोली शांत असायची. दुसऱ्या दिवशी सव्वा एकला पुन्हा सुरू. ते दोन-तीन दिवस सोडले तर एकही दुपार सुटली नाही.

चौथी निळी गाडी. मागचं उजवं चाक. ती तीनदा विकली गेली आहे. शेवटच्या माणसाने सांगितलं की दोन लहान मुलं असलेल्या एका कुटुंबाने घेतली, नंबर दिला, पण तो लागत नाही. आम्ही रविवारी रविवारी बाहेर पडतो, गॅरेजांमध्ये विचारतो, रस्त्यात निळी जुनी गाडी दिसली की नवरा तिच्या मागे धावतो. एकदा एका बाईने पोलिसांना बोलवायची धमकी दिली.

आवाज मात्र रोज यायचा. मी त्याच खोलीत काम करत होते. सवय झाली म्हणणार नाही, भीतीची सवय होत नाही. पण सव्वा एकला मी पेपर खाली ठेवायचे आणि ते संपेपर्यंत थांबायचे. नवरा त्या वेळात आत येत नाही. अजूनही.

मग गेल्या आठवड्यात एका दुपारी आवाज आला नाही.

मला वाटलं, उद्या येईल.

दुसऱ्या दिवशीही आला नाही. फरशी कोरडी होती. नवरा म्हणाला की सुटलो बहुतेक, त्या लोकांनी चाकं बदलली असतील, लोक बदलतात. असेलही. मी मान डोलावली. पण निळी गाडी आम्हाला सापडलेली नाही. कोणाचा फोन आलेला नाही. मग ते थांबलं का?

हा विचार मी पुढे नेत नाही. सकाळचं वर्तमानपत्र दारात पडतं, ते मी उघडत नाही. नवराही उघडत नाही.

ज्या आवाजाने माझी बोबडी वळली होती, तो यावा म्हणून मी आता रोज एक वाजल्यापासून त्या स्टुलावर बसून कानोसा घेते. हौदाचा नळ घट्ट बंद करते. श्वाससुद्धा हळू घेते.

आज नववा दिवस आहे.